लाल पुसलेलं घड्याळ

"चोरी नाही, मोडतोड नाही. मग लिहू काय, आजी?" असं म्हणून ठाण्यातल्या हवालदारानं इंदिराबाईंना वाटेला लावलं होतं. त्या तणतणत नूतन झोपे हिच्या ऑफिसात आल्या आणि कुणी बसा म्हणायच्या आधीच बसल्या.

"घड्याळातला लाल रंग कुणीतरी पुसलाय," त्या म्हणाल्या. "मला तो माणूस पाहिजे. उद्या संध्याकाळच्या आत."

रुपचंदभाऊंनी हळूच नूतनकडे पाहिलं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले रुपचंदभाऊ नूतनची गाडी चालवत, आणि कुणी विचारलं नाही तरी तर्कही चालवत. नूतन स्वतः विमा कंपनीत खोटे दावे पकडून कंटाळली होती आणि आता जळगावात लोकांची खासगी तपासाची कामं घेत होती. लाल रंगाची केस तिच्याकडे पहिल्यांदाच आली होती.

"अक्का, पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

पहिल्यापासून म्हणजे असं. जळगावात समुद्र नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण एके काळी स्टेशन रोडवर वायरलेसचं एक स्कूल होतं. केळी-कपाशीच्या पट्ट्यातली पोरं तिथे मोर्सची कडकट्ट शिकायची आणि रेडिओ ऑफिसर होऊन जहाजांवर जायची. त्यांतली काही जहाजांबरोबरच बुडाली. आता त्यांचं स्मारक मेहरुण तलावाकाठच्या बागेत उभं राहिलं होतं आणि उद्या संध्याकाळी त्याचं उद्घाटन होतं. समुद्र कुठे नि जळगाव कुठे, म्हणून लोकांनी चिक्कार चेष्टा केली. करू देत! ज्यांचा माणूस गेला त्यांनी काय रडायलाही मुंबईला जायचं?

काळ्या दगडावर प्रत्येक नावाखाली एक ओळ कोरली होती, 'अखेरपर्यंत सेटवर', म्हणजे वायरलेसच्या सेटवर. फक्त इंदिराबाईंचे यजमान लीलाधर पवार यांच्या नावाखाली ती नव्हती.

"का नाही?" नूतननं विचारलं.

"कारण बठ्ठा लोके म्हनतस, तो घाबरला आणि सेट सोडून पळाला." रागावल्या की इंदिराबाईंच्या तोंडी अमळनेरची बोली यायची. "वादळात जहाज बुडालं, पंचेचाळीस वर्षं झाली. एकही माणूस वाचला नाही. दूरवरच्या एका ग्रीक जहाजानं सांगितलं, सव्वानऊला आम्ही मदतीची फार बारीक हाक ऐकली, पण नाव कळलं नाही. चौकशीत म्हणाले, ती हाक लीलाधरची नाही. त्याची असती तर जवळच्या जहाजाला ऐकू आली असती. मी काय येडी शे का? माझा नवरा पळणारा नव्हता."

"जवळचं जहाज कुणाचं?"

"हेमराजभाऊंचं. ते त्याच्यावर रेडिओ ऑफिसर होते, आणि आमच्या यांचे वर्गमित्र. भला माणूस हो! चौकशीच्याही आधी माझ्याकडे आले, लहान पोरासारखे रडले. म्हणाले, वहिनी, काय नशीब बघा, त्या रात्री सव्वानऊला मी मुंबईहून मुलगा झाल्याची तार घेत होतो, आणि त्याच रात्री लीलाधर तिकडे बुडाला. त्या मुलाचा वाढदिवस त्यांनी कधी केला नाही. दिवाळीला लुगडं पाठवतात. यांचं नाव दगडावर आलं तेसुद्धा त्यांनीच भांडून आणलं, नाहीतर सुपडूनाना येऊच देत नव्हते."

"आणि घड्याळ?"

"काल दुपारी बसवलं. एका जुन्या जहाजाच्या रेडिओ खोलीतलं आहे. तबकडीवर लाल पट्टे होते, हिरवेही होते. मी विचारलं, हा लाल कशाचा? ठेकेदार म्हणाला, शोभेचा असेल. घड्याळ देणारे पुखराजशेठ म्हणाले, ठाऊक नाही. हेमराजभाऊ घाईत होते, म्हणाले, उद्या सांगतो. आज सकाळी जाऊन बघते तर लाल गायब!" इंदिराबाई पुढे वाकल्या. "मी विचारलं आणि लगेच पुसलं गेलं. माझ्या विचारण्याची कुणाला एवढी भीती वाटली, ते मला सांग."

"सांगते," नूतन म्हणाली आणि गाडीची किल्ली रुपचंदभाऊंकडे टाकली.

बागेत दोघं जण आधीच एकमेकांवर ओरडत होते. एक दगडकामाचा ठेकेदार भूषण, ज्यानं नावं कोरली होती. दुसरे पुखराजशेठ, ज्यांनी अलंगच्या जहाजतोडणीतून घड्याळ आणून स्मारकाला दिलं होतं.

"मी चांगलं घड्याळ दिलं, यानं वाट लावली," पुखराजशेठ म्हणाले.

"मी हात लावला नाही, शेठ! काल मोबाइल बघून वेळ लावली, किल्ली फिरवली, काचेचं दार बंद केलं. बस्स."

नूतननं काचेचं दार उघडलं. पितळी घड्याळ टिकटिक करत होतं. बारावर आणि सहावर हिरवे पट्टे होते. तीनच्या नि नऊच्या आकड्याजवळ मात्र पांढरी तबकडी जरा जास्तच पांढरी दिसत होती. आकड्यांची काळी रेघ कुठे ओरखडलेली नव्हती. थिनरचा वास अजून येत होता.

"थिनर तुझंच?" तिनं भूषणला विचारलं.

"माझंच. त्या शेडमध्ये उघडंच असतं. दाराची चावीही तिथंच खिळ्याला. कमिटीच्या सगळ्यांना माहीत आहे."

"आणि हे घड्याळ मागे आहे."

"सकाळपासून साडेपाच तास मागे चालतंय. जुना माल!"

पुखराजशेठ पुन्हा उसळले. रुपचंदभाऊंचे डोळे मात्र चमकले. "सापडलं! चोरानं पुसताना घड्याळ बंद पडलं, आणि साडेपाच तासांनी परत सुरू झालं."

"किल्लीचं घड्याळ बंद पडलं की आपलं आपण सुरू होतं का, भाऊ?"

"तसं नाही होत," रुपचंदभाऊंनी कबूल केलं.

"शेठ, लाल पट्टा म्हणजे काय, हिरवा म्हणजे काय, तुम्हाला खरंच ठाऊक नाही?"

"बाई, मी भंगार वजनावर घेतो. हे आवडलं म्हणून दिलं. कुणाला न सांगता थेट इथे आणून बसवलं, सगळ्यांना खूश करायला. आता माझंच तोंड बघण्यासारखं झालंय. पण तुम्ही सुपडूनानांना धरा. परवा इथे येऊन केवढा तमाशा केला! लीलाधरचं नाव राहिलं तर उद्घाटनाला पाय ठेवणार नाही, म्हणाले. काल रात्री जळगावातच होते पुतण्याकडे, आज पहाटे धुळ्याला गेले."

"कोण हे नाना?"

"तेही जुने रेडिओ ऑफिसर. आता त्या स्कूलमधले दोघंच उरलेत, ते आणि हेमराजभाऊ."

हेमराजभाऊंच्या घरी स्वागत मोठं झालं. गोरेपान, टापटीप, शब्दाशब्दाला माया. स्मारक कमिटीचे अध्यक्ष तेच. त्यांनी नूतनला सोफ्यावर बसवलं आणि वहिनींची चौकशी केली.

"वहिनींना सांगा, जिवाला लावून घेऊ नका. लाल काय, हिरवा काय, पुन्हा रंगवता येईल. उद्घाटन तर होऊ द्या."

"लाल कशाचा होता, भाऊ?"

"जहाजावरच्या कामाच्या खुणा असतात. बाहेरच्याला समजावणं किचकट आहे." ते हसले. "मी उद्या भाषणात बोलणारच होतो, पण आता रंगच नाही तर काय बोलायचं?"

"सुपडूनानांनी पुसला असेल?"

"नाव कसं घेऊ? माणूस तापट आहे. लीलाधरवर त्याचा राग आहे. मी म्हणतो, घाबरला असेल बिचारा, माणूसच तो. माफ करून टाकावं."

पावणेपाचला चहा आला. हेमराजभाऊ लीलाधरच्या आठवणी सांगतच होते. हॉस्टेलमधल्या शेवभाजीपासून अलेक्झांड्रियाच्या बंदरापर्यंत ते अखंड बोलत राहिले. रुपचंदभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. नूतन तेवढा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली होती.

बाहेर आल्यावर रुपचंदभाऊ नाक पुसत म्हणाले, "देवमाणूस! ताई, तुम्ही ऐकतही नव्हता."

"ऐकत होते, भाऊ. ते कधी थांबतात याची वाट बघत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुळ्याला निघाली. देवपूरमध्ये मुलीच्या घरी सुपडूनाना खाटेवर बसले होते. मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत.

"या! संशय माझ्यावरच ना?" ते म्हणाले. "मी नाही पुसला. पुसणाऱ्याचा हात मोडो!"

त्यांनी पाहुण्यांसाठी तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं. हात इतका थरथरत होता की निम्मं पाणी खाटेवर सांडलं. रुपचंदभाऊंनी पेला धरला, तर नाना त्यांच्यावरच खेकसले.

"लीलाधरवर एवढा राग का, नाना?" नूतननं विचारलं.

"राग? माझा सगळ्यात हुशार दोस्त होता तो. पण आमच्या धंद्यात एकच पाप आहे, बुडत्या जहाजाचा सेट सोडणं. त्याच्या हाकेवर सगळ्या खलाशांचा जीव असतो. बाकीच्यांनी शेवटपर्यंत हात चालवला म्हणून दगडावर ती ओळ आहे. लीलाधरला ती फुकट कशी देऊ?"

"ग्रीक जहाजानं ऐकलेली हाक?"

"मलाही वाटलं होतं त्याचीच असेल. फार वाटलं होतं, बाई. पण हेमराजनं चौकशीत शपथेवर सांगितलं, सव्वानऊच्या त्या तीन मिनिटांत मी कान लावून बसलो होतो, काही आलं नाही. सगळ्यात जवळ तोच होता. मग दुसरं काय म्हणायचं?"

"कुठल्या तीन मिनिटांत?"

सुपडूनानांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी थरथरता हात वर केला, मान जरा कलती केली आणि डोळे मिटले. रुपचंदभाऊंना वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं की काय! ते उठायला लागले. नूतननं त्यांना खाली बसवलं. आत कुकरची शिट्टी झाली, रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, नाना तसेच बसून राहिले. नूतननं घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा वाजून गेले होते.

बऱ्याच वेळानं नानांनी डोळे उघडले. "हं. काय विचारत होता?"

"काही नाही, नाना. उत्तर मिळालं. चला, कपडे बदला, आमच्याबरोबर जळगावला यायचंय."

"मी शपथ घेतलीय, त्या उद्घाटनाला पाय ठेवणार नाही!"

"लीलाधरनं हाक दिली होती, असं मी दाखवून दिलं तर?"

म्हाताऱ्यानं मुलीला हाक मारून चांगला सदरा काढायला सांगितला.

परतीच्या वाटेवर रुपचंदभाऊंना राहवेना. "ताई, मला तर काहीच कळेना. म्हातारा भांडतो, पण त्याचा राग खरा वाटतो. आणि लाल पुसून कुणाला काय मिळणार?"

"भाऊ, काय मिळणार ते नंतर बघू. आधी सांगा, हिरवा का नाही पुसला?"

एरंडोल येईपर्यंत रुपचंदभाऊंनी तीन तर्क लढवले आणि तिन्ही स्वतःच मोडले.

पाच वाजता बागेत खुर्च्या भरल्या. बुडालेल्यांच्या घरची माणसं आली होती. कुणी पाचोऱ्याहून, कुणी बोदवडहून. नातवंडं आजोबांच्या नावावर बोट फिरवत होती. इंदिराबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. हेमराजभाऊ माइकपाशी गेले, तेवढ्यात नूतन पुढे झाली.

"भाऊ, दोन शब्द मी आधी बोलते. इंदिराअक्कांनी मला एक काम दिलंय."

हेमराजभाऊ हसून बाजूला झाले. नाही म्हणणं त्यांना शोभलं नसतं.

"या घड्याळातला लाल कुणी पुसला, असा प्रश्न आहे," नूतन म्हणाली. "नासधूस करणारा असता तर काच फोडली असती. चोर असता तर घड्याळच नेलं असतं. या माणसानं हिरवा तसाच ठेवला आणि लाल तेवढा पुसला. म्हणजे दोन रंगांचा अर्थ वेगळा आहे, हे त्याला माहीत होतं. शेठना आणि भूषणला ते माहीत नाही."

"आपण सुटलो," भूषण पुटपुटला.

"पुसताना काटे आडवे आले. त्यानं घड्याळ थांबवलं, काटे फिरवले, काम झाल्यावर पुन्हा वेळ लावली. आणि तिथं चुकला. घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे लागलं. नाना, जहाजाच्या रेडिओ खोलीत घड्याळ कुठल्या वेळेवर असतं?"

"ग्रीनिचच्या!" नाना खुर्चीतूनच गरजले. "जहाज जगात कुठेही असू दे. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे."

"मनगटावर भारतातली वेळ, आणि रेडिओ खोलीच्या घड्याळाला हात लागला की साडेपाच तास वजा. ज्यानं आयुष्यभर हे केलंय, त्याचाच हात असं करणार. त्याला कळलंसुद्धा नाही."

खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. जुने रेडिओ ऑफिसर दोनच उरले होते. लोकांनी सुपडूनानांकडे पाहिलं.

"नानांच्या हातून पाणीसुद्धा सांडतं. आकड्याची रेघ न बिघडवता रंग पुसणं त्यांच्याच्यानं होणार नाही," नूतन म्हणाली. "शिवाय आणखी एक गोष्ट आहे. नाना, आता सगळ्यांना सांगा, लाल म्हणजे काय?"

सुपडूनाना काठी टेकत उठले. "तासातून दोनदा, सव्वाला आणि पाऊणला, तीन-तीन मिनिटं. तेवढा वेळ जगातल्या प्रत्येक जहाजानं गप्प बसायचं. हातातलं काम टाकायचं, संकटाच्या लहरीवर यायचं आणि नुसतं ऐकायचं. मोठ्या आवाजांत एखाद्याची बारीक हाक बुडू नये म्हणून. हिरवा पट्टा तोंडी बोलायच्या रेडिओसाठी, तसाच. आमचा, मोर्सवाल्यांचा, लाल." त्यांनी काठीनं घड्याळ दाखवलं. "मला अजून त्या वेळेला बोलवत नाही."

"ते मी आज सकाळी धुळ्यात पाहिलं," नूतन म्हणाली. "लालचा अर्थ मी काल बागेतून निघतानाच मोबाइलवर शोधला होता, म्हणून पावणेपाचला दुसऱ्या एका रेडिओ ऑफिसरच्या घरी घड्याळ बघत बसले. ते बोलत राहिले. थांबलेच नाहीत."

हेमराजभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, पण आता ते कुणासाठी नव्हतं.

"सव्वानऊला लीलाधरनं हाक दिली. शिकलेला माणूस होता, जग गप्प असतं त्याच मिनिटांत दिली. लांबच्या ग्रीक जहाजाला अर्धवट ऐकू आली. हेमराजभाऊंनी शपथेवर सांगितलं की मी त्याच लहरीवर कान लावून होतो. अक्का, चौकशीच्या आधी हे तुमच्या घरी आले तेव्हा काय म्हणाले होते?"

इंदिराबाई सावकाश उभ्या राहिल्या. पंचेचाळीस वर्षं पाठ असलेलं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच नीट ऐकलं असावं.

"सव्वानऊला मी मुंबईहून मुलगा झाल्याची तार घेत होतो," त्या म्हणाल्या.

"नाना, मुंबईची तार आणि संकटाची हाक एकाच लहरीवर येते?"

"नाही," सुपडूनाना हळूच म्हणाले. "वेगळ्या. एका कानानं एकच ऐकता येतं." मग ते वळले. "हेमराज, अरे, तू लहर बदललीच नाहीस!"

"अक्कांकडे ते रडले ते खरंच होतं," नूतन म्हणाली. "ग्रीक जहाजाची बातमी तेव्हा आली नव्हती. ती आली, आणि हाक आली नेमकी तेव्हाच आपण ऐकत नव्हतो, हे यांना कळलं. मग खोटी शपथ घेतली. नानांना शपथ माहीत होती, तार माहीत नव्हती. अक्कांना तार माहीत होती, लालचा अर्थ माहीत नव्हता. शेठनी न सांगता घड्याळ आणलं, आणि अक्कांनी नेमकं विचारलं, हा लाल कशाचा?"

रुपचंदभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. "मी त्यांच्यासाठी रडलो हो!"

हेमराजभाऊंनी माइकचा दांडा धरला होता. "पहिला मुलगा होता," ते म्हणाले. "तार मधेच तोडायला जीव होईना. तीनच मिनिटं, वाटलं. रोज काही नसायचंच त्या लहरीवर. नंतर बोलायची हिंमत झाली नाही. पण वहिनी, मी तुम्हाला कधी अंतर दिलं नाही. नावासाठी मीच भांडलो…"

"ओळ मात्र तुम्ही येऊ दिली नाही!" इंदिराबाई कडाडल्या. "माझ्या नवऱ्याला भित्रा ठरवून मलाच लुगडी पाठवलीत? लोक कीव करायचे, आणि मी तुम्हाला हात जोडायचे! तुम्ही ऐकलं असतं तर जहाज वळलं असतं. नसतं वळलं तरी त्याचं नाव कळलं असतं. मला तुमची माफी नको, दयाही नको. मला ती ओळ पाहिजे. आत्ता."

सुपडूनाना काठी टेकत दगडापाशी गेले. लीलाधरच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर त्यांनी थरथरता तळवा ठेवला.

"मित्रा, मी तुझ्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता," ते म्हणाले. मग तोच जुना खणखणीत आवाज आला. "भूषण! छिन्नी आण!"

भूषण धावत शेडमध्ये गेला. पुखराजशेठ खिशातून रुमाल काढून दगड पुसू लागले. भूषणनं खडूनं ओळ आखली, छिन्नी टेकवली, हातोडी उचलली.

हेमराजभाऊ खाली उतरून इंदिराबाईंसमोर येऊन उभे राहिले. "वहिनी, माझं एकदा ऐकून घ्या…"

इंदिराबाईंनी हात वर केला. भूषणची हातोडी तिथेच थांबली.

"सव्वापाच झाले," त्या म्हणाल्या. "बोलू नका. आता तुम्ही ऐका."

सगळी बाग गप्प झाली. लहान मुलांनीसुद्धा आवाज केला नाही. सुपडूनाना मान कलती करून उभे होते, आणि त्यांच्याशेजारी इंदिराबाई, हेमराजभाऊंवरची नजर न हलवता. हेमराजभाऊंनी मान खाली घातली आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वी ऐकायची राहिलेली ती तीन मिनिटं उभ्यानं ऐकली.

मग नानांनी भूषणला खूण केली, आणि पहिला घाव पडला.